निशूचे सहा रुमाल

४ जानेवारी, रविवार

आज निशूला तेल लावून न्हाऊ घालताना दिसलं, दोन्ही पोटऱ्यांवर बारीक लाल ठिपके. मोहरीएवढेसुद्धा नाहीत. आधी वाटलं डास चावले असतील, पण बोटाने दाबले तरी फिके होईनात. शिवाय नडगीवर निळे डाग, आणि एक पाठीवर, चांगला रुपयाएवढा. "कुठं धडपडलीस गं?" विचारलं तर म्हणे, "कुठंच नाही, आजी." सात वर्षांची पोर कुठंच नाही म्हणते, म्हणजे कुठंतरी आपटली असणारच. नाताळच्या सुट्टीत चार दिवस सर्दी-तापाने पडून होती, त्याची कसर आता पळून पळून भरून काढतेय.

संध्याकाळी श्रुतीने विचारलं, "आई, तुम्ही मालिश जरा जोरात करता का?" माझी ही सून पुण्याची. टोमणा मारायचा असला की आधी 'जरा' लावते. मी म्हटलं, याच हातांनी गौतमला चोळलाय, तुझा नवरा काही कुठं फुटला नाही. ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला. घरात काही झालं की ह्यांना पेपरात फार महत्त्वाचं काहीतरी सापडतं.

६ जानेवारी

शाळेतून बोलावणं आलं. वर्गशिक्षिकेने श्रुतीला बाजूला घेऊन विचारलं, घरी मुलीला कोणी मारतं का? श्रुती रिक्षात रडत आली.

खरं लिहायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. अभ्यासाला बसवलं की श्रुतीचा आवाज चढतो, आणि गौतम नोकरीपायी विशाखापट्टणमला, महिन्यातून दोनदा घरी येणार. पोर एकटी सापडते तिच्या तावडीत. तिच्या मनात माझे हात, माझ्या मनात तिचे. घरी आल्यावर आम्ही दोघी एकमेकींकडे बघत जेवत होतो आणि पोर मधे बसून वरणभात खात होती.

दुपारी हैदराबादेतच, कोठी भागात, केशवराव डॉक्टरांकडे नेलं. आमचं सगळं घर त्यांच्याच औषधावर वाढलंय. त्यांनी डाग पाहिले, चष्मा वर केला, म्हणाले, "कुसुमताई, मारल्याचे डाग असे नसतात. आधी रक्त तपासा." संध्याकाळी रिपोर्ट आला. प्लेटलेट नऊ हजार. माणसाला दीड लाखाच्या वर हव्यात. रक्त थांबवायचं काम त्यांचं. त्या नाहीत म्हणून कातडीखाली आपोआप रक्त साकळतंय.

डेंग्यू नाही निघाला. मग काय? रक्ताचा तो दुसरा रोग घरात कोणी तोंडाने उच्चारला नाही. श्रुतीने फोनवर वाचला असणार, तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मालिशीचं कोणी बोललं नाही. मी पण गृहपाठाचं बोलले नाही.

७ जानेवारी

मोठ्या दवाखान्यात मुलांच्या रक्ताच्या डॉक्टर आहेत, माधवी नावाच्या. तेलुगू बाई, वयाने श्रुतीएवढी. तिने निशूचं पोट, मान, काखा, तोंड सगळं चाचपलं, आणि रक्ताची काच स्वतः जाऊन दुर्बिणीखाली बघून आली. मग बसून म्हणाली, तो रोग नाही. बाकीच्या पेशी ठणठणीत आहेत, प्लेटलेट तेवढ्या कमी.

मी विचारलं, मग झालंय काय? तर म्हणाली, "अम्मा, गणपतीच्या निमज्जनाला पोलिसांचा बंदोबस्त लागतो ना? समजा निमज्जन झालं, पण पोलीस गेलेच नाहीत आणि गल्लीतल्याच लोकांना पकडायला लागले. तसं झालंय. तापाशी लढायला शरीराने पोलीस उभे केले, ताप गेला, आता ते हिच्याच प्लेटलेट पकडून नेतायत." बाई हुशार आहे, एवढं कबूल.

पण औषध? औषध नाही! बहुतेक मुलं काही आठवड्यांत, काही महिन्यांत आपणहून बरी होतात म्हणे. आम्ही थांबायचं. उड्या नाहीत, सायकल नाही, शाळा तूर्त बंद. ताप आला तर पॅरासिटामॉल, दुखण्याच्या बाकी गोळ्या अजिबात नाहीत. मी म्हटलं, बाहेरून प्लेटलेट चढवा की! तर म्हणे, तेही पोलीस पकडून नेतील.

"आकड्याकडे नका बघू, मुलीकडे बघा. तोंडातून, नाकातून रक्त आलं, उलटी झाली, शी काळी झाली, डोकं दुखलं, तर मला लगेच सांगायचं. औषध द्यायचं की नाही ते मी त्यावर ठरवणार." आणि घोळणा फुटला तर मान मागे करायची नाही, पुढे वाकून नाक दाबून धरायचं. आमच्या घरात जन्मभर मान मागेच केली, गेल्या उन्हाळ्यात निशूचीही मीच केली, कोणी मेलं नाही.

घरी येताना मी ह्यांना म्हटलं, औषध न देणारी डॉक्टर म्हणजे स्वयंपाक न करणारी आचारीण. हे म्हणाले, "तिला कळत असेल, अगं." यांना सगळ्यांचं कळतं, फक्त माझं कळत नाही.

९ जानेवारी

हातावर हात ठेवून बसणं मला जमत नाही. सासूबाईंच्या अर्धांगात नाही बसले, ह्यांच्या बायपासात नाही बसले, आता काय बसणार?

सकाळी निशूला खिडकीजवळ उभी केली आणि डाग मोजले. खांद्यावर दोन नवे. मला रडू आवरलं नाही. पोर माझ्या पदराने माझेच डोळे पुसत होती. मग मीठ-मोहऱ्या घेऊन तिची दृष्ट काढली.

शेजारच्या त्रिवेणीच्या परसात पपईचं झाड आहे. डेंग्यूत तिच्या जावयाच्या प्लेटलेट पानांच्या रसाने भराभर चढल्या होत्या. अख्खं हैदराबाद घेतं हा रस. ह्यांना पाठवून पानं मागवली, वाटली, पिळली, दोन चमचे काढले. कडू जहर. निशूने तोंड फिरवलं, "नक्को आजी, नक्को!" मी म्हटलं, हे प्यायलं की काउंट वर येतो, आणि काउंट वर आला की आपण नुमाइशला जायचं.

नुमाइश म्हटलं की ती काहीही करेल. नामपल्लीचं ते प्रदर्शन जानेवारीत लागतं आणि पंधरा फेब्रुवारीला उठतं. दर वर्षी मी आणि ती दोघीच जातो. छोटी आगगाडी, मिरचीची भजी, काश्मिरी शालींना हात लावून बघणं, घ्यायचं काहीच नाही. तिने नाक दाबून रस गिळला.

"आईला नाही हं सांगायचं," मी म्हटलं. श्रुतीला कळलं तर ती त्या डॉक्टरणीला फोन लावेल. "हे आपलं दोघींचं गुपित."

"गॉड प्रॉमिस," निशू म्हणाली.

१४ जानेवारी, संक्रांत

काउंट अकरा हजार! मी देवापुढे गुळाचा खडा ठेवला.

डॉक्टरीण म्हणते, नऊ आणि अकरा सारखेच. मी सत्तावीस वर्षं मराठी शाळेत गणित शिकवलं. नऊ आणि अकरा सारखे कसे काय? एखाद्या पोराने पेपरात असं लिहिलं असतं तर मी त्याला बाकावर उभा केला असता. पण रसाचं बोलता येईना, म्हणून जीभ चावून बसले. "घरी दुसरं काही औषध चालू आहे का?" असं तिने विचारलं तेव्हा मी भिंतीवरच्या चित्रातल्या ससोबाकडे बघत होते. श्रुती म्हणाली, "नाही, काहीच नाही." ती खरंच बोलत होती.

येताना श्रुतीने अचानक माझा हात धरला. "आई, तुम्ही दिवसभर तिच्यापाशी असता म्हणून मी ऑफिसला जाऊ शकते." तिचा हात गार होता. मला जरा कसंतरीच झालं. तिळगूळ दिला तिला.

१७ जानेवारी

निशू शहाणी झाली आहे. आपली आपण आंघोळ करते, कडी लावून. "आता मी मोठी झाले, आजी." उन्हातसुद्धा लांब बाह्यांचा झगा आणि पायजमा घालते. सकाळचं डाग मोजणं तिला आवडत नाही, म्हणते, "मीच मोजते नं, तुला सांगते." आज मी विचारलं, नवे किती? "एक पण नाही."

रस लागू पडतोय. त्रिवेणीला हलव्याचे दाणे दिले.

गौतम फोनवर म्हणाला, "आई, निशू फार शांत वाटते गं." मी म्हटलं, तुझी लेक शांत झाली तर तुला पोटात का दुखतं?

१९ जानेवारी

हिचे रुमाल कुठं जातात देव जाणे. नव्या वर्षाला सहा आणले होते, कोपऱ्यात बदकं असलेले. दोरीवर एकच दिसतो. शाळा बंद आहे, तिथं हरवले म्हणावं तर तेही नाही. श्रुतीचं ते वॉशिंग मशीन कपडे गिळतं असं मी पहिल्यापासून सांगतेय.

निशू रात्री ह्यांची मरून रंगाची शाल मागून घेते आणि उशीवर पसरून झोपते. आजोबांचा वास येतो म्हणते. हे इतके खूश झाले की दिवसभर पेपर न वाचता तिच्याशी सापशिडी खेळत बसले.

२२ जानेवारी, गुरुवार

आज एक झालं. लिहू की नको असं वाटतंय, पण इथं नाही लिहायचं तर कुठं?

सकाळी रस दिल्यावर थोड्या वेळाने निशूला उलटी झाली. काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखी. मी घाबरले. मग विचार केला, हिरव्या पानांचा रस पोटात जाऊन काळपटच होणार की. आता हे श्रुतीला सांगायचं म्हणजे रसाचं सांगायचं. डॉक्टरणीने उलटीचं सांगायला सांगितलं होतं हे मला आठवत नाही असं नाही. पण ती डोकं दुखून होणारी उलटी. ही रसाची. मी मोरीत दोन बादल्या पाणी ओतलं.

संध्याकाळी श्रुतीने आल्या आल्या विचारलं, "काही विशेष?" मी म्हटलं, "काही नाही." निशूने माझ्याकडे बघितलं आणि तीही म्हणाली, "काही नाही."

उद्यापासून एकच चमचा देणार.

२३ जानेवारी

काउंट सात हजार. रस घेऊनसुद्धा.

माधवी डॉक्टर त्या सातावर थांबलीच नाही, दुसऱ्याच आकड्यावर बोट ठेवून बसली. हिमोग्लोबिन दीडने उतरलंय. "रक्त कुठंतरी जातंय, अम्मा. नाकातून? शी काळी होते का?" शीचं मला काय माहीत, कडी लावून जाते ती. निशू म्हणाली, "नाही." खाली बघत म्हणाली. डॉक्टरने तिचं तोंड, हिरड्या, नाक बॅटरी लावून पाहिलं. नाकात वाळलेलं काहीतरी होतं, पण निशू म्हणे, बोट घातलं होतं. मग परत श्रुतीला विचारलं, मला विचारलं. मी म्हटलं, "दिसलं तर नाही काही." दिसलं नाही हे खरंच आहे. उलटी दिसली होती, पण उलटीचं तिने या वेळी विचारलं नव्हतं.

परवा, रविवार असला तरी परत रक्त तपासायला बोलावलंय. तोवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा म्हणाली.

जेवण गेलं नाही. हे म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, पित्त.

२४ जानेवारी, शनिवार

दवाखान्यात बसून लिहितेय. वही मांडीवर आहे, अक्षर लागलं नाही तर नाही.

सकाळी निशू दूध घेत होती तेव्हा मी तिचं अंथरूण काढलं. मरून शाल धुवायला म्हणून उचलली तर ती एका बाजूला कडक झाली होती, खळ लावल्यासारखी. पाण्यात घातली तर पाणी लाल. मला आधी कळेचना, शालीचा रंग उतरला असं वाटलं. मूर्ख बाई! दहा वर्षांची शाल, आता कुठला रंग उतरतोय?

मग मी शोधायला लागले. पलंगाखाली तिची नुमाइशची पिशवी होती, मागच्या वर्षी तिथूनच घेतलेली, आगगाडीचं चित्र असलेली. तिच्यात यंदा घालायचा गुलाबी झगा घडी करून ठेवलेला, आणि झग्याखाली रुमाल. बदकांचे पाच, ह्यांचे दोन. सगळे वाळून तपकिरी, एकमेकांना चिकटलेले. एक बदक तेवढं पिवळं राहिलं होतं.

मी तशीच जमिनीवर बसले. निशू दारात येऊन उभी राहिली, ओठांवर दुधाची मिशी.

"हे कधीपासून गं, बाळा?"

तिने बाहीने मिशी पुसली. मग म्हणाली, "संक्रांतीच्या आधीपासून. रोज नाही पण. सकाळी येतं, तुम्ही उठायच्या आधी."

"मला का नाही उठवलंस?"

"काउंट कमी आला तर नुमाइश नाही ना मग. आणि तू रडतेस." मग माझ्या अगदी जवळ येऊन हळूच म्हणाली, "मी मान मागे करते, तू शिकवलं तशी. मग रुमालाला कमी लागतं. बाकीचं गिळून टाकते. मग पोटात कसंतरी होतं."

उलटी. ती पानांची नव्हती. पोर आपलंच रक्त गिळत होती, आणि मी वरून दोन बादल्या ओतून मोकळी झाले होते.

"आईला पण नाही सांगितलं," निशू म्हणाली. "हे पण आपलं गुपितच आहे ना, आजी?"

देवा! मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. मी तिला जवळ घ्यायला गेले आणि हात मागे घेतले, कुठं दाबलं गेलं तर?

श्रुती आतल्या खोलीत होती, शनिवारचा ऑफिसचा कॉल चालू. मी आयुष्यात तिच्या कॉलमधे गेले नाही. आज जाऊन म्हटलं, "तो बंद कर." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पपई, गुपित, उलटी, काल डॉक्टरपुढे गप्प बसले ते, आणि रुमाल पुढे धरले. तिने ओरडावं असं मला वाटत होतं. ती ओरडली नाही. रुमाल हातात घेतले, एकेक करून बघितले, आणि गाडीची किल्ली उचलली.

गाडीत ती एवढंच म्हणाली, "आई, डॉक्टरांना तुम्हीच सांगा. मला रडू येईल आणि काहीतरी राहून जाईल."

मी सांगितलं. तेलुगूत, एकही गोष्ट न गाळता. सत्तावीस वर्षं पोरांना फळ्यापुढे उभं करून चुका सांगायला लावल्या, आज माझी पाळी होती. माधवी डॉक्टर सगळं लिहून घेत होती. शेवटी म्हणाली, "आता सांगितलंत ना, अम्मा? चालु." चालु म्हणजे पुरे. मग तिने निशूची शी तपासायला पाठवली, डोकं दुखतं का, अंधारी येते का, सगळं विचारलं, आणि म्हणाली, आता थांबायचं नाही, औषध द्यायचं. इम्युनोग्लोबुलिन म्हणून असतं, सलाइनसारखं हळूहळू चढवतात. पोलिसांना थोडे दिवस दुसऱ्या कामाला लावतं.

"पपईने झालं का हे?" मी विचारलं.

"नाही. पपईने रक्त येत नाही. पण त्याने फायदाही नाही, आणि त्याच्यामुळे मला काय दिसायला हवं होतं ते दिसलं नाही."

शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं मला.

आता थेंब थेंब पडतोय. श्रुती निशूच्या उशाशी, मी पायाशी. गौतम संध्याकाळच्या गाडीने निघालाय. ह्यांचा फोन आला, निशूची चौकशी केली आणि मग विचारलं, "तू जेवलीस का?" इतकी वर्षं हा प्रश्न मी ह्यांना विचारत आलेय.

२५ जानेवारी, रविवार

औषधाने निशूचं डोकं दुखलं. ते होतं म्हणे कधीकधी, पण डोक्यातच रक्त गेलं का या भीतीने आमच्या जिवाचं पाणी पाणी झालं. डॉक्टर रविवार असून येऊन गेली, डोळ्यांत उजेड पाडून पाहिला, निशूला चालायला लावलं. दुपारी उतरलं दुखणं. निशू स्वतःच म्हणाली, "थोडं दुखतं अजून, पण कमी." मी तिला दोनदा विचारलं, खरं ना? तिसऱ्यांदा विचारणार होते, श्रुतीने डोळ्यांनी थांबवलं.

२७ जानेवारी

काउंट अठ्ठावन्न हजार. घोळणा नाही फुटला. घरी आलो.

माझ्या तोंडावर 'देव पावला' आलं होतं, मी ते गिळलं. निशू माझ्याकडे बघत होती, मी खूश होते का बघायला. तेव्हा मला कळलं, ही पोर गेले दोन-तीन आठवडे आकड्यापेक्षा माझं तोंडच वाचत होती.

तिला मांडीवर घेऊन म्हटलं, "ऐक. नुमाइशला आपण जाणार. काउंट वर असला तरी, खाली असला तरी. रक्त आलं तरी. फक्त डॉक्टर आंटी ज्या दिवशी जा म्हणेल त्या दिवशी."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर पुढच्या वर्षी. नुमाइश काय पळून जात नाही."

"आणि पपई?"

"पपई फक्त पिकलेली. फोडी करून."

"आणि तू रडलीस तर?"

मी म्हटलं, बघू.

श्रुती स्वयंपाकघरात होती. माझ्याशी ती जेवढ्यास तेवढं बोलते. कुकरची शिट्टी किती, दूध आलं का. बरोबरच आहे. मी तिच्या जागी असते तर तेवढंही बोलले नसते.

४ फेब्रुवारी

काउंट परत बत्तीस हजार. खाली आला. डॉक्टर म्हणते, औषध ओसरलं की असं होतं, मुलगी छान आहे ना? मुलगी छान आहे. खोलीभर पळतेय, तिला थांबवून थांबवून घसा बसला. मी बत्तीसकडे एकदा बघितलं आणि कागद श्रुतीकडे दिला. फाइल आता तिच्याकडेच असते.

सकाळची आंघोळ आता श्रुती घालते, ऑफिसला अर्धा तास उशिरा जाऊन. आज तिने बाथरूममधून हाक मारली, "आई, जरा येता का? पाठीवर एक नवा आहे, तुम्ही पण बघून ठेवा." गेले. बघितला. दोघींनी बघितला. इतक्या दिवसांनी तिने मला बोलावलं होतं, त्यामुळे तो डाग मला तितकासा वाईट वाटला नाही. हे लिहिणं बरं नव्हे, पण तसं वाटलं खरं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरने परवानगी दिली. मोठा पाळणा नाही, धक्काबुक्की नाही, गर्दीची वेळ नाही, छोटी आगगाडी चालेल, आईच्या मांडीवर. या वर्षी आम्ही तिघी गेलो. श्रुतीने रजा टाकली. लग्नाला दहा वर्षं झाली, बाई आज पहिल्यांदा नुमाइश बघत होती. म्हणाली, "कोणी बोलावलंच नाही कधी." मी म्हटलं, विचारायचं मग! पण खरं आहे, मी बोलावलं नव्हतं.

निशूने गुलाबी झगा घातला होता. शालींना हात लावून झाले, लखनवी कुडत्यांना लावून झाले. एक शालवाला म्हणाला, "अम्माजान, हर साल देखके जाते, लेते कब?" मी म्हटलं, "देखने के पैसे थोडी लगते, बेटा." श्रुती खळखळून हसली. आमच्या घरात तिला असं हसताना मी कधी बघितलं होतं, आठवत नाही.

मग आगगाडी. श्रुती निशूला मांडीवर घेऊन बसली, मी कठड्याशी उभी राहिले, गुडघ्यांमुळे मला चढता येत नाही. गाडीने एक चक्कर घेतली, निशूने हात हलवला, मी हलवला. दुसऱ्या चकरेत गाडी वळणावर आली आणि निशू जिवाच्या आकांताने ओरडली, "आजीऽऽऽ! नाकातून रक्त आलंऽऽऽ!"

अख्खी नुमाइश वळून बघायला लागली. गाडीवाल्याने गाडी थांबवली. मी गुडघे विसरून कठड्याखालून वाकून आत शिरले. झग्यावर तीन-चार लाल थेंब होते, आणि निशू मान पुढे करून, नाक आपल्याच दोन बोटांत धरून, मला जवळ बोलवत होती. नाकातल्या आवाजात म्हणाली, "मी गिळलं नाही!"

इतकी वाईट बातमी ऐकून इतकं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं.

श्रुतीने डॉक्टरला फोन लावला. मी नाक धरलं, मान पुढे, जशी सांगितली होती तशी. मागचे लोक आपापलं शहाणपण सांगत होते, कांदा हुंगवा, डोक्यावर पाणी थापा, मान मागे करा. एका बाईने तर हिची हनुवटी वर करायला हात घातला. मी म्हटलं, "हात नक्को लगाओ जी, डॉक्टर बोले सो करते हम." फोनवरून माधवी डॉक्टर म्हणाली, दहा मिनिटं धरा, थांबलं तर ठीक, नाही तर या. थांबलं. नाक मोकळं ठेवा, आज आता खेळ पुरे, आणि उद्या सकाळी दाखवून जा म्हणाली.

बाकावर बसलो. श्रुतीने पर्समधून नवा रुमाल काढला, बदकांचाच, आणि निशूचं तोंड पुसलं. मग दुसरा काढून माझ्यापुढे धरला. "आई, घ्या."

"मला कशाला?" मी तोंड फिरवलं.

"आजी, तू रडतेस," निशू म्हणाली.

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"हौ," मी म्हटलं. "रडतेय."

"घाबरलीस?"

"फार."

"मी पण," ती म्हणाली. "मम्मा पण. तिचा हात बघ कसा गार झालाय." आणि श्रुतीचा हात ओढून तिने माझ्या मांडीवर ठेवला. श्रुतीने तो काढून घेतला नाही. मग निशूने विचारलं, आता मिरचीची भजी खायची का? भजीवाला शेजारीच होता. आम्ही गार करून करून खाल्ली, निशूने मिरची काढून नुसतं वरचं बेसन खाल्लं, आणि तिन्ही मिरच्या श्रुतीने आणि मी संपवल्या.